बापाचा राग कुठं जातो?

नगरकडं पोरगं रडायला लागलं की अजूनही कानावर येतं, ‘पोरीसारखा काय रडतोस?’ असं म्हणणारा बाप दुष्टच असतो असं नाही. त्यालाही त्याच्या बापानं हेच ऐकवलेलं असतं. पण पुरुष कसा असतो, हे मुलगा अशा बोलण्यापेक्षा पाहून जास्त शिकतो. बापाची मोटारसायकल दारात थांबली की टीव्हीचा आवाज कोण कमी करतं, आईचं बोलणं मध्येच का तुटतं, ताट आधी कोणाला वाढतात, याची नोंद त्याच्या मनात होत असते.

पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड घ्या. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची ती बहुतेक नवऱ्यानं. बाई अंधारातच उठून भाकरी थापते, मग दिवसभर फडात राबते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. नवराही घाम गाळतोच. पण संध्याकाळी कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आल्यावर तो टेकतो आणि ती पुन्हा चुलीपाशी बसते. कोपीतल्या मुलाला यापुढं वेगळं काही शिकवावं लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या सहभागानं झालेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या नऊ हजारांवर पुरुषांशी त्यासाठी बोलणं झालं होतं. लहानपणी घरात बाईला दुय्यम वागणूक मिळताना पाहिलेले पुरुष पुढं बायकोशी हिंसक वागण्याची शक्यता अधिक, असं त्यात दिसलं. मग ही साखळी तुटते कुठं? त्यासाठी नगरशी नातं असलेलं एक घर पाहावं.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे वडील वामनराव करड्या स्वभावाचे होते, आई जानकीबाई हळव्या, कवितेत रमणाऱ्या. आई गेली आणि नारायणानं लहान वयातच बापाचं घर सोडून नाशिक गाठलं. बाप मागं राहिला, राग मात्र बरोबर आला. पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात टिळकांचा तो संताप, न सांगता घरातून निघून जाणं, सगळं आहे. 1895 मध्ये ख्रिस्ती होण्याचा निर्णयही त्यांनी बायकोला विश्वासात न घेता घेतला. देवमाणूस म्हणून आपण त्यांना कितीही नावाजलं, तरी हा पुरुषी एककल्लीपणाच होता.

पण याच पुस्तकात रागानंतर पस्तावणारे टिळकही भेटतात, आणि तोंडावर सुनावणाऱ्या लक्ष्मीबाईही. धर्मांतरामुळं झालेल्या काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला आल्या आणि सुरुवातीला आपलं सोवळं सांभाळून राहिल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचं मन वळल्यावर. पुढं कवी बालकवी ठोंबरे याच घरात मुलासारखे राहिले, रुसवेफुगव्यांसकट. बापाच्या धाकानं गप्प बसणारं हे घर नव्हतं. भांडण व्हायचं, मिटायचं, आणि ते मुलांच्या देखत.

माझ्या मते फरक पडला तो इथं. टिळकांचा राग गेला नाही. पण राग हाच घरातला शेवटचा शब्द उरला नाही. बापाला उलट बोलणारी आई आणि तिचं ऐकून घेणारा बाप, दोन्ही मुलगा देवदत्त यांनी पाहिले. टिळक 1919 मध्ये गेले. पुढं आईच्या मागं लागून तिच्या आठवणी लिहून घेतल्या त्या याच देवदत्तांनी, आणि त्यात बापाचे दोष आहेत म्हणून झाकले नाहीत. त्या काळात किती मुलांनी आईला बापाबद्दल एवढं मोकळं लिहू दिलं असतं?

‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागानं छापून आली. देवदत्तांचे चिरंजीव अशोक टिळक यांनी नंतर आजीच्या या पुस्तकाची आवृत्ती संपादित केली.