फकिरा कोण साकारणार, यापेक्षा फकिरा कोणाच्या हाती जाणार?

१ ऑगस्ट, म्हणजे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची जयंती जवळ आली की वस्त्यावस्त्यांतील तरुणांत एक वाद हमखास रंगतो. ‘फकिरा’वर आज नव्याने चित्रपट निघाला तर फकिरा कोणी साकारावा? कोणी म्हणतो, नावाजलेला नटच हवा, नाहीतर थिएटर मिळणार नाही. कोणी म्हणतो, मातंग समाजातलाच तरुण हवा, दुसऱ्याचे कामच नाही. तिसरा म्हणतो, अभिनय येतो की नाही तेवढेच बघा. वाद गोड आहे. कादंबरी लोकांच्या हृदयात असल्याशिवाय असा वाद होत नाही. पण अलीकडे त्याला ‘आमचा फकिरा, तुमचा फकिरा’ असे वळण लागते, म्हणून आम्हाला लिहिणे भाग आहे.

‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वाटेगावच्या मांगवाड्यातील नायकाची ही कथा अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी मातंग आणि बौद्ध बांधवांमध्ये भिंत उभी करू पाहणाऱ्यांचे तोंड बंद होते.

हा नायक पडद्यावर यापूर्वीही आला आहे. १९६३ साली ‘फकिरा’ चित्रपट निघाला आणि त्यात सूर्यकांत यांनी फकिरा साकारला. तेव्हा हा फकिरा आपल्यातलाच हवा असे म्हणण्याइतके आपले पाऊल त्या धंद्यात पडलेच नव्हते. त्याआधी ‘अछूत कन्या’त (१९३६) देविका राणी आणि ‘सुजाता’त (१९५९) नूतन अस्पृश्य मुलगी झाल्या. उलट केरळात पी. के. रोझी या दलित स्त्रीने पहिल्या मल्याळी मूकपटात नायर स्त्रीची भूमिका केली, तर जातीयवाद्यांनी तिला गाव सोडायला लावले. त्यांनी आपली भूमिका करावी आणि आपण त्यांची करू नये, हा पडद्यावरचा मनुवाद होय.

मग जातीचा दाखला पाहूनच नट निवडावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. डॉ. जब्बार पटेल यांच्या चित्रपटात मामुटी यांनी बाबासाहेब उभे केले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. केरळचा एक मुस्लिम नट, कायद्याची पदवी घेऊन काही काळ वकिली केलेला. त्याने बाबासाहेबांचा अभ्यास केला, त्यांची चाल आणि बोलणे आत्मसात केले. त्याच्या जन्मगावाची चौकशी आपल्यापैकी कोणी केली नाही. परंतु असा एखादा दाखला पुढे करून आपल्या मुलांना दाराबाहेर ठेवणार असाल तर तेही आम्ही मान्य करणार नाही. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’साठी सोमनाथ अवघडे या खेड्यातल्या पोराला उभे केले आणि जब्याने भल्याभल्यांना मागे टाकले. गुण होता, संधी नव्हती, एवढेच त्यातून सिद्ध झाले. गोऱ्या नटाच्या तोंडाला काळा रंग फासून त्याला आपला माणूस म्हणायचे आणि खरा काळासावळा पोरगा मात्र गर्दीच्या दृश्यात उभा करायचा, हा धंदा थांबला पाहिजे.

तरीही आमच्या मते खरा प्रश्न नटाचा नाहीच. जोगणी आणताना राणोजीने दिलेला जीव, दुष्काळात भुकेने तडफडणारी माणसे, मांगांना रोज द्यावी लागणारी हजेरी आणि सरकारी खजिन्यावरचा छापा, यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे नट ठरवत नाही. ते पटकथा लिहिणारा आणि पैसा लावणारा ठरवतो. माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ साली आला आणि देशभरातून तो जायला १९५२ साल उजाडले. ती हजेरी गाळली तर फकिरा निव्वळ घोड्यावरचा दरोडेखोर उरेल, मग तो कोणीही साकारो!

येथे कायद्याची बाजू समजून घ्यावी. अण्णाभाऊंचे निधन १८ जुलै १९६९ रोजी झाले. लेखकाच्या निधनानंतर पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे कॉपीराइट राहतो, म्हणजे तो ३१ डिसेंबर २०२९ रोजी संपेल. तोपर्यंत हक्कधारकांच्या लेखी परवानगीशिवाय चित्रपट काढता येत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. पटकथा आधी दाखवण्याची अट घालायची असेल तर ती याच कागदावर घालावी लागते, सही झाल्यावर बोंब मारून उपयोग नाही. आणि १ जानेवारी २०३० पासून ‘फकिरा’ कोणालाही विनापरवाना पडद्यावर आणता येईल. कृतीचा विपर्यास होऊन लेखकाच्या लौकिकाला बाधा आली तर कलम ५७ खाली त्यांचे कायदेशीर प्रतिनिधी दाद मागू शकतात. पण कोर्टाची पायरी चढणे हा शेवटचा उपाय आहे.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. वाद जरूर घाला, पण त्या वादातून पटकथा लिहिणारे, कॅमेरा धरणारे, पैसा उभा करणारे हातही निघू द्या. मातंग आणि बौद्ध, दोघांचेही. आपल्या लोकांना सोडवण्यासाठी जो स्वतः सरकारच्या स्वाधीन झाला, त्याच्या नावाने आपण आपसात फुटलो तर तो त्याचा दुसऱ्यांदा घेतलेला बळी ठरेल.

जय भीम!