समुद्रतळाचे कायटिन आणि किनाऱ्यावरचे खत

कोलंबी, शेवंड व खेकडे यांच्या कवचाला, कीटकांच्या कातीला आणि बुरशीच्या पेशीभित्तीला बळकटी येते ती कायटिन नावाच्या पदार्थामुळे. समुद्रात असे असंख्य कवचधारी जीव आहेत. त्यांतील कित्येक तर डोळ्यांस जेमतेम दिसतात. वाढताना ते वारंवार कात टाकतात आणि ती कात अखंड तळाकडे जात असते. मग समुद्रतळावर कायटिनचे डोंगर का साचत नाहीत?

याचे उत्तर सूक्ष्म जिवाणूंत आहे. झोबेल व रिटनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३८ साली कायटिन फोडणाऱ्या समुद्री जिवाणूंविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. असे जिवाणू समुद्राच्या पाण्यात तसेच तळाच्या गाळातही आढळतात. पुष्कळसे कायटिन वाटेतच संपते आणि उरलेले गाळात हळूहळू कुजते. म्हणून खोल समुद्रातील गाळ उपसून कायटिन मिळविणे व्यवहार्य नाही. मात्र समुद्राचा हा धडा आपण गिरवावा.

कोलंबी सोलल्यावर उरणारी डोकी व टरफले कोकण किनाऱ्यावर पुष्कळदा उकिरड्यावर जातात. अशा कवचात साधारणपणे १५ ते ४० टक्के कायटिन, २० ते ४० टक्के प्रथिने आणि २० ते ५० टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. शुद्ध कायटिनमध्ये सुमारे ७ टक्के नत्र असते. जांभ्या दगडाच्या आम्ल जमिनीस यातील चुनाही उपकारक ठरतो.

टरफले गोड्या पाण्याने धुवून मीठ काढावे, उन्हात वाळवावी व कुटावी. खड्ड्यात पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा, त्यावर कुटलेल्या टरफलांचा पातळ थर, मग शेणकाला व माती असे थर रचावेत. ओल राखावी. सर्वांत वर मातीचा जाड थर द्यावा, म्हणजे दुर्गंधी व माशा यांचा उपद्रव होत नाही. वास जाऊन खत काळसर व भुसभुशीत झाल्यावरच ते शेतात घालावे. कच्ची टरफले रोपांच्या मुळाशी घालू नयेत. ती कुजताना अमोनिया निर्माण होऊन मुळांस इजा पोहोचते.

कायटिनवर जगणारे जिवाणू जमिनीत वाढले म्हणजे काही रोगकारक बुरशी व सूत्रकृमींची अंडी यांवरही त्यांचा मारा होतो, कारण त्यांतही कायटिन असते. तथापि हे खत म्हणजे रोगावरील औषध नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने टरफलांपासून कायटिन व कायटोसान काढण्याची पद्धत विकसित केली आहे. त्या कामी तीव्र रसायने लागतात. ते कारखान्याचे काम असून घरी करण्याजोगे नाही. जवळपास टरफले घेणारा कारखाना असेल तर ती विकावीत, नसेल तर खड्डा भरावा. ग्रामसेवकांनी कोळी बंधू व शेतकरी यांची गाठ घालून देऊन गावात असा एक खड्डा प्रत्यक्ष भरून दाखवावा. एकाच्या दारची घाण दुसऱ्याच्या शेतात सोने होईल.