मान खाली घालणारं विमान

सुटी लागली की "आई, आता काय करू?" हा प्रश्न दिवसातून दहादा कानावर येतो. मुलांचे हात आणि डोकं दोन्ही गुंतवणारा हा दुपारचा उद्योग पाहा. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, ड्रॉइंगचा कागद, टाचणी आणि मैद्याची खळ एवढ्यावर ब्रिटनचं 'फेअरी डेल्टा २' हे प्रायोगिक जेट विमान घरी तयार होतं.

डेल्टा म्हणजे त्रिकोणी पंखांचं. अशी दोनच विमानं बांधली गेली. पहिलं ६ ऑक्टोबर १९५४ रोजी पीटर ट्विस यांनी उडवलं. सहा आठवड्यांतच, १७ नोव्हेंबरला, तीस हजार फुटांवर त्याचं इंजिन बंद पडलं. ट्विस यांनी उडी टाकली नाही. विमान तरंगत तळावर आणलं. पुढचंच चाक बाहेर आलं होतं, तरी ते उतरवलं! विमानाची मोडतोड झाली, पण ते वाचलं. त्याच विमानाने १० मार्च १९५६ रोजी ताशी १८२२ कि.मी. वेगाचा जागतिक विक्रम केला. आपण चहा गाळेपर्यंत, मिनिटभरात, तीस किलोमीटर!

आता कृती. मूळ विमान पावणेसोळा मीटर लांब. आपण बहात्तर पटींनी लहान, म्हणजे सुमारे २२ सें.मी. लांबीचं करू या.

१) कागदाची १६ सें.मी. लांब, दोन सें.मी. जाडीची नळी वळून खळीने चिकटवावी.

२) पुठ्ठ्याचा बारा सें.मी. बाजूचा समभुज त्रिकोण कापावा. मागची दोन टोकं जराशी छाटावीत. पातं चालवायचं ते मोठ्यांनीच.

३) नळीला शेपटीकडून दोन्ही बाजूंनी बारा सें.मी. चिरा द्याव्यात. त्रिकोण, टोक पुढे करून, आत सरकवावा. मागे दीड सें.मी. नळी मोकळी राहू द्यावी. शेपटीवर एक उभा त्रिकोण लावावा. आडवी शेपूट या विमानाला नव्हतीच.

४) नाकासाठी साडेसहा सें.मी.चा निमुळता कोन करावा. त्याचं तोंड नळीपेक्षा किंचित लहान हवं. ते अर्धा सें.मी. आत घालून आडवी टाचणी टोचावी, टोक वळवून टाकावं. नळीच्या तोंडाला खालून छोटा काप दिला की नाक खाली झुकतं. कोनावरच वैमानिकाची खिडकी रंगवावी.

हे नाक झुकायला का हवं? मुलांना सांगू नका, दाखवा. टेबलावर एक नाणं ठेवा. डोळा विमानाच्या पाठीलगत आणून शेपूट खाली, नाक वर असं धरा. नाणं नाकाआड जातं. नाक वाकवा, नाणं दिसू लागतं! त्रिकोणी पंखाला कमी वेगात भार पेलायचा तर विमानाला असं नाक वर करूनच उतरावं लागतं. मग धावपट्टी दिसणार कशी? म्हणून या विमानाचं नाक वैमानिकाच्या जागेसकट दहा अंश खाली झुकत असे.

पुढे 'काँकॉर्ड' या प्रवासी विमानालाही झुकणारं नाक दिलं गेलं. त्याच्या पंखांच्या अभ्यासासाठी ट्विस यांनी वाचवलेलंच विमान नवे पंख लावून १९६४ साली पुन्हा उडवलं गेलं. आज ते इंग्लंडमध्ये येओव्हिल्टनच्या संग्रहालयात आहे.

खळ रात्रभर वाळू द्यावी. सकाळी चॉकलेटची चांदी चढवली की झालं!