ओबोच्या कॉन्चेर्टोचा अज्ञातवास

मोझार्टचा सी मेजरमधला कॉन्चेर्टो आज प्रत्येक ओबोवादकाला शिकावाच लागतो. वाद्यवृंदात जागा मिळवायची, तर निवडचाचणीत बहुधा त्याचाच पहिला भाग वाजवायला सांगतात. पण शंभराहून अधिक वर्षे ही रचना बासरीची म्हणूनच ओळखली जात होती.

1777 च्या वसंतात बेर्गामोचा जुझेप्पे फेर्लेंडिस साल्झबर्गच्या दरबारात ओबोवादक म्हणून रुजू झाला. एकवीस वर्षांच्या मोझार्टने त्याच वर्षी त्याच्यासाठी हा कॉन्चेर्टो लिहिला. ओबो हे आपल्या सनईसारखे दुहेरी पत्तीचे वाद्य. इथे ते प्रवेश करते तेच सरसर वर चढत, आणि मग वरच्या ‘सी’वर ठाण मांडते. खाली व्हायोलिन मूळ धून छेडत असतात आणि वर तो एकच स्वर अखंड लागलेला. वादकाच्या दमसासाचा कस पहिल्याच ओळीत लागतो.

शरद ऋतूत मोझार्ट आईसोबत साल्झबर्गबाहेर पडला आणि मानहाइमला पोचला. तिथला फ्रीडरिश राम हा ओबोवादक या रचनेच्या प्रेमातच पडला. त्याने ती पाचव्यांदा वाजवल्याचे आणि तिचा बराच बोलबाला झाल्याचे मोझार्टने फेब्रुवारी 1778 मध्ये वडिलांना कळवले. याच सुमारास डेजाँ नावाच्या डॉक्टरने त्याच्याकडे बासरीच्या रचना मागितल्या होत्या. मोझार्टने हाच कॉन्चेर्टो एक स्वर वर, डी मेजरमध्ये नेऊन बासरीसाठी बेतला. ठरलेल्या 200 गुल्डनपैकी हाती पडले 96.

ओबोची मागणी मात्र संपली नव्हती. 1783 मध्ये प्रिन्स एस्टरहाझींच्या वाद्यवृंदातला ओबोवादक त्यासाठी तीन डुकाट द्यायला तयार होता, म्हणून मोझार्टने व्हिएन्नाहून वडिलांकडे ही रचना मागवली. पुढे मूळ हस्तलिखित गहाळ झाले आणि बासरीचे रूप तेवढे मागे उरले.

1920 मध्ये साल्झबर्गच्या मोझार्टेउममध्ये संस्थेचे संचालक बेर्नहार्ड पाउमगार्टनर यांना जुन्या वादनप्रतींचा एक संच सापडला. रचना तीच, पण सी मेजरमध्ये आणि ओबोसाठी. बासरीच्या प्रतीतही याची खूण होतीच. व्हायोलिनची सर्वांत खालची तार ‘जी’ची, तरी त्या प्रतीत व्हायोलिन ‘ए’च्या खाली कधीच उतरत नाहीत. सगळे एक स्वर खाली आणले की ती मर्यादा नेमकी ‘जी’वर येते. म्हणजे मूळ सूर सी मेजरचाच.

मोझार्टच्या हातचे पूर्ण हस्तलिखित आजही उपलब्ध नाही. वाजवणाऱ्यांसाठी उतरवलेल्या साध्या प्रतींनी हा कॉन्चेर्टो वाचवला. गावोगावच्या संगीतसंस्थांत अशी बाडे पडून असतील, तर ती रद्दीत घालण्याआधी एखाद्या जाणकाराला जरूर दाखवा.