सुट्या भागांचें बाक

घरांत लांकडी सामान हवें झालें म्हणजे सुतारास बोलावण्याची आपल्याकडील रीत फार जुनी. तो आपलीं हत्यारें घेऊन येई, पडवींत बसे, आणि चार-आठ दिवस करवतीचा व रंध्याचा आवाज घरभर चाले. आतां तेंच सामान पुष्कळ ठिकाणीं पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यांतून दारीं येतें. खोकें उघडून पाहावें तों आंत ना बाक ना खुर्ची. नुसत्या पट्ट्या, पिशवीभर स्क्रू, एक वांकडा पाना आणि चित्रांचा एक कागद. अंगणांत, गच्चीवर किंवा बागेंत ठेवावयाच्या बाकांविषयीं तर हें फारच झालें आहे. असा संच कसा जुळवावा, आणि जुळवितांना जें करावयास सांगतात तें कां, याचा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे. आमचा भर ‘कां’ वर अधिक राहील. कागदावरील चित्रें ‘कसें’ तेवढें दाखवितात. आणि ज्यास ‘कां’ कळलें नाहीं त्याचें बाक दुसऱ्या पावसाळ्यांत डुगडुगूं लागतें. अंगणांतल्या बाकावर बहुधा घरांतील वडील माणसेंच बसतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा विषय कोणास क्षुल्लक वाटणार नाहीं.

ही युक्ति कालपरवांची आहे असें मात्र समजूं नये. ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ड गांवीं १७९६ सालीं जन्मलेला मिखाएल टोनेट नांवाचा सुतार पुढें व्हिएन्ना शहरीं येऊन राहिला. बीच नांवाच्या झाडाचें लांकूड वाफेनें मऊ करून वांकविण्याची कला त्यानें सिद्धीस नेली. १८५९ मध्यें त्याच्या कारखान्यानें चौदा क्रमांकाची खुर्ची बाजारांत आणली. तींत लांकडाचे तुकडे अवघे सहा, स्क्रू दहा आणि नट दोन. एक मीटर लांब, रुंद व उंच अशा एका पेटींत छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग मावत! तयार खुर्ची जहाजावर चढविली तर तिच्या पायांमधील पोकळीचेंही भाडें भरावें लागतें. सुटे भाग पाठविले तर तें वांचतें. या संपूर्ण धंद्याचें बीज एवढेंच आहे. पुढें १९५६ मध्यें स्वीडन देशांतील एका दुकानांत एक टेबल मोटारींत मावेना म्हणून त्याचे पाय काढले गेले, आणि तेथून गिऱ्हाइकानें घरीं जुळवावयाच्या सामानाची तेथील प्रथा वाढली. तें दुकान इंग्वार कांप्राड यानें १९४३ मध्यें काढलेल्या आयकिआचें. त्या मंडळीचें हिंदुस्थानांतील पहिलें भांडार २०१८ मध्यें हैदराबादेस उघडलें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. दिवाणखान्यांतलें लांकूड आणि अंगणांतलें लांकूड यांचें जिणें अगदीं निराळें. लांकूड म्हणजे बारीक नळ्यांची एक मोळी होय. झाड जिवंत असतांना या नळ्यांतून पाणी वर चढे. झाड तोडल्यावरही त्यांची पाणी पिण्याची संवय सुटत नाहीं. दमट हवेंत नळ्यांच्या भिंती ओलावा घेऊन जाड होतात, कोरड्या हवेंत आटतात. पण हें फुगणें सर्व दिशांनीं सारखें नसतें. लांबींत फरक इतका थोडा पडतो कीं सुतार तो जमेस धरीत नाहीं. रुंदींत मात्र तो चांगला जाणवतो. आणि त्यांतही झाडाच्या वार्षिक वलयांच्या कडेनें जितकें लांकूड आटतें, त्याच्या सुमारें निम्मेंच तें गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनें आटतें. फळ्या वांकड्या होतात त्या या दोन दिशांच्या भांडणामुळें. साग हा त्या मानानें शांत स्वभावाचा. तरी दहा सेंटिमीटर रुंदीची सागाची पट्टी वैशाखांतून आषाढांत जातांना सुमारें एक मिलिमीटर फुगते. बाकाच्या बैठकीच्या पट्ट्यांमध्यें फटी ठेवलेल्या असतात त्या लांकूड वांचविण्याकरितां नव्हेत. पाणी गळून जावें आणि फुगणाऱ्या पट्टीस जागा असावी, म्हणून त्या आहेत. त्या भरून काढूं नयेत, व पट्ट्या बसवितांना त्या समान राहतील अशी काळजी घ्यावी.

सागाचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील जमशेटजी बमनजी यांनीं मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ नांवाची युद्धनौका बांधिली. ती १८१७ सालीं पाण्यांत लोटली गेली. ती आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. सागाच्या अंगीं जें तेल असतें त्याचा हा प्रताप. पण तो गुण पक्क्या, तपकिरी गाभ्याचा आहे. सालीलगतच्या पांढऱ्या लांकडास वाळवी व बुरशी सोडीत नाहींत. म्हणून खोकें उघडतांच पट्ट्यांवर पांढरा भाग किती आहे तें पाहावें. पुष्कळ स्वस्त संच ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी किंवा पाईन यांचे असतात. ते टाकाऊ नव्हेत, परंतु त्यांची निगा अधिक ठेवावी लागते. खोक्यावर ‘सागाचा रंग’ असें छापलें असेल तर रंग आणि साग यांतील अंतर पालकांनीं पैसे देण्यापूर्वींच ओळखावें.

लांकडाइतकेंच महत्त्व त्यास धरून ठेवणाऱ्या लोखंडास आहे. साधें लोखंड गंजतें, गंज मूळ धातूहून अधिक जागा व्यापतो, आणि भोंकाच्या कडा आंतून फोडतो. शिवाय लांकडांतील तुरट द्रव्याशीं लोखंडाचा संयोग होऊन भोंकाभोंवतीं काळे डाग पडतात. तेव्हां स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस पोलादाचे आहेत कीं नाहीं तें पाहावें. कोंकणपट्टींत खारा वारा असतो. तेथें बाजारांत ज्यास ३१६ म्हणतात तें मॉलिब्डेनम मिसळलेलें पोलाद घेतल्यास उत्तम.

जुळणीस बसण्यापूर्वीं सर्व भाग जमिनीवर मांडावे, कागदावरील यादीशीं ताडून मोजावे, आणि स्क्रू लांबीप्रमाणें निरनिराळ्या वाट्यांत ठेवावे. हें काम मुलांस द्यावें. तीं तें मोठ्या माणसांपेक्षां चोख करितात. लांब स्क्रू आंखूड स्क्रूच्या जागीं गेला तर त्याचें टोंक पट्टीच्या पलीकडे निघतें आणि कोणाच्या तरी मांडींत घुसतें, एवढें त्यांस समजावून सांगितलें म्हणजे पुरे. जागा सपाट फरशीची असावी. अंगणास पाणी वाहून जाण्याकरितां उतार दिलेला असतो. तेथें जुळविलेलें बाक तो उतार आपल्या अंगीं कायमचा घेऊन बसतें.

यापुढील नियम सर्वांत मोठा, आणि सर्वांत अधिक मोडला जाणारा. कोणताही बोल्ट प्रथम पूर्ण आंवळूं नये. सगळे बोल्ट आपापल्या भोंकांत बसेपर्यंत ते बोटांनीं फिरतील इतकेच लावावे. बोल्टपेक्षां भोंक थोडें मोठें ठेवलेलें असतें, तें याचसाठीं. पहिला सांधा घट्ट केला कीं त्यांतील केंसभर चूक तेथेंच गोठते. दुसऱ्यांत ती वाढते. आणि शेवटचें भोंक समोरच्या भोंकासमोर येतच नाहीं. मग लोक हातोडी उचलतात. हातोडीनें बोल्ट आंत जातो खरा, पण लांकडाचे तंतु चिरडतात आणि तो सांधा पुनः कधीं घट्ट होत नाहीं.

सर्व सांधे सैल असतांनाच चौकट काटकोनांत आहे कीं नाहीं तें तपासावें. येथें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं भूमितीचें पुस्तक आठवावें. बैठकीची चौकट १२० सेंटिमीटर लांब व ५० सेंटिमीटर रुंद असेल, तर पायथागोरसाच्या सिद्धांताप्रमाणें तिचा कर्ण बरोबर १३० सेंटिमीटर आला पाहिजे. कारण १४,४०० आणि २,५०० यांची बेरीज १६,९००. आंकडे इतके सोयीचे नसले तरी अडत नाहीं. एक सुतळी घेऊन एक कर्ण मापावा आणि तीच सुतळी दुसऱ्या कर्णावर धरावी. समोरासमोरच्या बाजू समान असून कर्णही समान आले, कीं तो चौकोन आयत असलाच पाहिजे. हें कां, तें तीन बाजूंच्या कसोटीनें दोन त्रिकोण एकरूप दाखवून विद्यार्थ्यांनीं स्वतः सिद्ध करावें. एक कर्ण मोठा निघाला तर त्याच्या दोन टोंकांचे कोपरे एकमेकांकडे हलकेच दाबावे.

बोल्टाच्या डोक्याखालीं वॉशर घालावयास कोणी विसरूं नये. सहा मिलिमीटर बोल्टाचें डोकें सुमारें दहा मिलिमीटर व्यासाचें असतें. त्याखालीं अठरा मिलिमीटर व्यासाचा वॉशर घातला तर लांकडावर टेंकणारी जागा सुमारें साडेचार पट होते, आणि दाब तितक्या पटीनें कमी. वॉशरावांचून डोकें लांकडांत रुततें. आंवळणारास वाटतें कीं सांधा घट्ट झाला, आणि प्रत्यक्षांत तो लांकूड खात असतो. षट्कोणी पान्याचा आंखूड हात बोल्टांत व लांब हात आपल्या मुठींत असावा, म्हणजे थोड्या बळानें काम होतें. या पान्यास ज्याचें नांव मिळालें त्या अमेरिकेंतील विल्यम ॲलन यानें आपला हक्क १९१० मध्यें नोंदविला.

तीन पायांची तिवई कधीं डुगडुगत नाहीं, कारण कोणतेही तीन बिंदु एकाच पातळींत असतात. चौथा पाय आला कीं तंटा सुरू होतो. त्यावर उपाय असा. सर्व बोल्ट अर्धवट आंवळावे, बाक सपाट फरशीवर उभें करावें, दोघांनीं दोन्ही टोंकांशीं सावकाश टेंकावें, म्हणजे चारही पाय आपापली जागा घेतात; मग तिसऱ्यानें समोरासमोरचे सांधे आळीपाळीनें घट्ट करावे. एवढें करूनही अंगणांत बाक हललें, तर दोष अंगणाचा समजून एका पायाखालीं चपटा दगड सरकवावा. पाय कापूं नये. एक पाय कापणारास पुढें चारही कापावे लागतात, आणि शेवटीं बाकाचा पाट होतो.

येथें कोणी विचारील कीं, हें सर्व घरींच होऊं लागलें तर सुतारानें काय करावें? प्रश्न खरा आहे, आणि तो हंसून टाळण्यासारखा नाहीं. सुताराचा सांधा बोल्टाचा नसतो. एका लांकडाच्या टोंकास जीभ, दुसऱ्यांत तिला नेमकी बसणारी खोबण, आणि वरून पाचर. अशा सांध्यांत भार लांकडाच्या मोठ्या पृष्ठभागावर पडतो. बोल्टाचा सांधा तो भार एका बोटाएवढ्या भोंकावर टाकतो. त्याचा गुण एवढाच कीं तो सैल झाला तर पुनः आंवळतां येतो. आमच्या मतें संच हा अक्षरओळखीसारखा आहे. त्यानें ग्रंथ लिहितां येत नाहीं. पण अक्षरओळखही शाळेचेंच काम आहे. फिनलंडांत युनो सिग्नेयस यांच्या आग्रहानें १८६६ पासून प्राथमिक शाळांतून हस्तोद्योग शिकवूं लागले. वर्धा येथें १९३७ मध्यें गांधीजींनीं हाच विचार आपल्या पद्धतीनें मांडला. नाझरेथच्या सुतारानें नांगर व जूं केल्याचें दुसऱ्या शतकांतील जस्टिन मार्टर लिहून ठेवतो; ते सांधे कच्चे असते तर बैल थांबले असते. ज्या मुलानें किंवा मुलीनें एक बाक स्वतः जुळविलें आहे, तिला चांगल्या सुताराची मजुरी जास्त वाटत नाहीं, हा आमचा अनुभव आहे. आणि बाकाचें भोंक झिजलें कीं त्यांत लांकडी खुंटी ठोकून तें नवें करावयास सुतारासच बोलवावें लागतें.

निगेविषयीं थोडें. बाकाचे पाय खालच्या तोंडांनीं पाणी पितात, कारण नळ्यांचीं तोंडें तेथें उघडीं असतात. म्हणून जुळणीपूर्वींच त्या तोंडांस तेल किंवा मेण दोन-तीन वेळां मुरवावें. साग उन्हांत राखाडी होतो. त्यानें बळ कमी होत नाहीं, तेव्हां घाबरूं नये. इतर लांकडांस वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, कोरड्या दिवशीं तेल द्यावें. येथें पालकांस एक कळकळीची सूचना. जवसाचें तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तें तेल वाळतांना हवेशीं संयोग पावून उष्णता उत्पन्न करितें. चिंध्यांच्या ढिगांत ती उष्णता कोंडते, आणि कोणी काडी न लावतां ढीग पेट घेतो. चिंध्या बाहेर एकएक पसरून वाळवाव्या, नाहींतर पाण्यानें भरलेल्या डब्यांत बुडवाव्या. मुलांच्या हातीं तेल देण्यापूर्वीं हें त्यांस सांगावें.

जुळणीनंतर एका महिन्यानें, आणि पुढें प्रत्येक पावसाळा संपल्यावर, सर्व बोल्ट एकदां तपासावे. लांकूड आटलें कीं ते आपोआप सैल पडतात. त्या वेळीं पाना कधींच सांपडत नाहीं. यासाठीं पाना आणि उरलेले स्क्रू एका लहानशा कापडी पिशवींत घालून, ती पिशवी बैठकीखालच्या आडव्या पट्टीस सुतळीनें पक्की बांधून ठेवावी.