शिकवणारा पारखा, मग कुत्रा सोपवा

अंधाला वाट दाखवणारा कुत्रा असो की तुमच्या घरातला टॉमी, तो कुणाच्या हाताखाली शिकतो याला फार महत्त्व आहे.

१९२८ सालचा जून महिना. न्यूयॉर्कच्या वेस्ट स्ट्रीट या गजबजलेल्या रस्त्याच्या कडेला विशीतला एक अंध तरुण उभा होता. नाव मॉरिस फ्रँक. सोबत बडी नावाची जर्मन शेफर्ड जातीची कुत्री. कुत्रे आंधळ्या माणसाला सांभाळून नेऊ शकते, यावर विश्वास नसलेल्या वार्ताहरांनी त्याला हाच रस्ता ओलांडून दाखवायचे आव्हान दिले होते. मोटारी आणि ट्रक अंगावर येत होते. थांबत, मागे सरत, पुन्हा पुढे होत बडीने त्याला पलीकडे नेले. मग फ्रँकने स्वित्झर्लंडला डोरोथी युस्टिस यांना एकाच शब्दाची तार केली: 'यशस्वी'.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ मध्ये अशा कुत्र्यांची शाळा निघाली होती. युस्टिसबाईंनी १९२७ मध्ये या कामावर लेख लिहिला. वडिलांनी तो फ्रँकला वाचून दाखवला आणि त्याने बाईंना पत्र पाठवले. १९२९ मध्ये दोघांनी अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था उभी केली. न्यू जर्सीत ती आजही चालू आहे.

आज्ञा मोडायलाही शिकवतात

अशा कुत्र्याचे शिक्षण पिल्लू दोनेक महिन्यांचे असतानाच सुरू होते. प्रथम ते एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढते. जिना, बाजार, बस, फटाक्यांचा आवाज, रडणारे मूल, या साऱ्यांची त्याला सवय होते. वर्ष-सव्वा वर्षाचे झाले की ते शाळेत परतते आणि तिथे काही महिने खरे काम शिकते. फुटपाथच्या कडेला थांबणे, खड्डा टाळणे हे त्यातले सोपे धडे. अवघड धडा वेगळाच. खाली झुकलेल्या फांदीखालून कुत्रे स्वतः आरामात जाते, पण सोबतच्या माणसाचे डोके आपटेल, हे त्याने लक्षात ठेवायचे असते.

त्याहून अवघड म्हणजे आज्ञा मोडणे. मालक म्हणतो, 'चल पुढे', आणि समोरून मोटार येत असते. तेव्हा कुत्र्याने हलायचे नाही. (सिग्नलचा लाल-हिरवा दिवा कुत्रे ओळखते, हा मात्र गैरसमज आहे. रहदारीचा आवाज ऐकून केव्हा निघायचे ते माणूसच ठरवतो.) मार खाऊन, धाकात शिकलेल्या कुत्र्याकडून हे कसे व्हावे? भित्रे कुत्रे सांगितले तेवढेच करते, किंवा गोंधळून जागीच बसते. म्हणूनच चांगल्या शाळा शाबासकी आणि खाऊ यांवर भर देतात आणि जे कुत्रे या कामाचे नाही त्याला सरळ बाजूला काढतात. अशी पुष्कळ कुत्री मग कुणाच्या तरी घरी सुखाने राहतात.

फसवणूकही होते

गरज जिथे मोठी, तिथे फसवणारेही येतात. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०१८ मध्ये एका कंपनीवर खटला भरला. मधुमेही रुग्णाची साखर उतरली की सूचना देणारी कुत्री, असे सांगून कंपनीने २७,००० डॉलरपर्यंत किंमत घेतली आणि प्रत्यक्षात धड न शिकवलेली पिल्ले गळ्यात मारली, असा आरोप होता. त्या घरांत कित्येकदा रुग्ण म्हणजे लहान मूल होते. रात्री कुत्रे उठवील या भरवशावर आईवडिलांनी झोपावे आणि कुत्रे उठवूच नये, याची कल्पनाच केलेली बरी! अमेरिकेत मदतनीस कुत्र्यांची सरकारी नोंदणी नाही. तरीही चकचकीत ओळखपत्रे विकणाऱ्यांचा धंदा तिथे जोरात चालतो.

आपल्याकडे अशा कुत्र्यांची प्रथा अजून रुजलेली नाही. कुत्र्याची कर्तबगारी म्हटले की मराठी माणसाला मुंबई पोलिसांचा 'जंजीर' आठवतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके हुडकणारा हा लॅब्रॅडोर २००० मध्ये वारला. घरच्या कुत्र्यासाठी शिक्षक शोधणारी कुटुंबे मात्र शहरोशहरी वाढत आहेत. कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नोंदणीचे नियम केले. 'डॉग ट्रेनर' अशी पाटी लावायला मात्र तसा परवाना लागत नाही. तेव्हा पारख तुम्हालाच करायची आहे.

आधी स्वतः पाहा

पैसे देण्यापूर्वी त्या माणसाचा एक तास आपले कुत्रे न नेता पाहा. तो पाहू देत नसेल तर विषय तिथेच संपवा. शिकणाऱ्या कुत्र्याकडे नीट बघा. शेपूट पायात घातलेली, कान मागे पाडलेले, सारखे ओठ चाटणे किंवा जांभया देणे ही बहुधा भीतीची आणि ताणाची लक्षणे असतात. मग सरळ विचारा, "कुत्रे चुकले तर तुम्ही काय करता?" उत्तरात गळा आवळणारी साखळी किंवा विजेचा झटका देणारा पट्टा आला, तर निरोप घ्या. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की सर्व कुत्र्यांना बक्षीस देऊनच शिकवावे.

'मी पोलिसांत कुत्री सांभाळली आहेत' हे ऐकून लगेच भारावू नका. अनुभव मोलाचाच, पण स्फोटके हुडकणे वेगळे आणि आजोबांच्या अंगावर उडी न मारणे वेगळे. 'पंधरा दिवसांत गॅरंटी' देणाऱ्यापासून तर चार हात दूरच राहावे. कुत्रे महिनाभर आपल्याकडे ठेवून घेणारे पुष्कळ असतात. तिथे ते कुठे बांधतात, किती वेळ मोकळे सोडतात, आजारी पडले तर कुठल्या डॉक्टरकडे नेतात, हे जाऊन पाहावे. फी, किती तास, किती दिवस, हेही कागदावर लिहून घ्यावे.

चांगला शिक्षक आधी लसीकरणाचे कार्ड मागतो. मोठे कुत्रे अचानक चावू लागले असेल तर तो तुम्हाला प्रथम पशुवैद्याकडे पाठवतो, कारण कानाचे किंवा सांध्याचे दुखणेही कुत्र्याला चिडखोर करते. आणि तो घरातल्या सगळ्यांना समोर बसवतो. बाबांनी सोफ्यावरून उतरवायचे आणि आजीने पोळीचा तुकडा दाखवून पुन्हा वर बोलवायचे, असे चालले तर कोणीही काय शिकवणार? त्यामुळे पहिल्या तासाला आजींनाही बोलवा.