स्टुडिओत 'अनडू'चं बटण नसतं!



मुलांची कॉलेजात केमिस्ट्रीची लॅब असली की आपण फोनवर न चुकता विचारतो, "गॉगल घातलास ना रे?" पण तेच लेकरू "आई, या सेमिस्टरला फोटोग्राफीचा क्लास घेतलाय" म्हणालं, की आपण म्हणतो, "वा, छान! तेवढाच अभ्यासातून विरंगुळा." फोटो काढण्यात कसला आलाय धोका?

नेमकी इथेच गल्लत होते. कॉलेजचा फोटो किंवा डिजिटल मीडिया स्टुडिओ म्हणजे वीज, उष्णता, वजन, रसायनं आणि माणसं एकाच खोलीत, आणि पुष्कळदा तीही अर्धवट अंधारात! मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. आमच्या धंद्यात काही बिघडलं तर 'अनडू' करून मागे जाता येतं. स्टुडिओत मात्र डोक्यावर पडलेला दिवा 'अनडू' करून परत वर जात नाही. म्हणून तिथली सगळी काळजी आधीच घ्यायची असते.

शॉमबर्गकरांना हा विषय काही लांबचा नाही. रोझेल रोडनं उत्तरेला गेलं की अल्गॉन्क्विन रोडवर, पॅलाटाईनमध्ये, आपलं हार्पर कॉलेज. डाऊनटाऊनमधलं कोलंबिया कॉलेज तर फोटोग्राफी आणि सिनेमासाठीच ओळखलं जातं. खुद्द आपल्या गावातलं इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट २०१८ साली बंद झालं, पण मुलांची आवड थोडीच बंद होते! तेव्हा ही माहिती विद्यार्थ्यांसाठी आहे, तशीच फी भरणाऱ्या आई-बाबांसाठीसुद्धा.

आधी पुण्याची एक गोष्ट

पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली सुरू झाली ती जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात. त्याच आवारातल्या एका गोदामात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेटची रिळं ठेवलेली होती. ८ जानेवारी २००३ रोजी तिथे आग लागली आणि आपल्या चित्रपटांचा अनमोल ठेवा भस्मसात झाला. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की विझवणं जवळजवळ अशक्य, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या स्वतःच्याच पोटात असतो. ती पाण्याखालीही जळत राहते! आपल्याकडेच असं होतं असं मात्र समजू नका. अमेरिकेतसुद्धा १९७८ या एकाच वर्षी रोचेस्टरच्या ईस्टमन हाऊसमध्ये आणि वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या गोदामात अशाच आगी लागल्या.

आजच्या विद्यार्थ्याला याचं काय? तर, आजोबांच्या ट्रंकेतलं जुनं ३५ मिलिमीटरचं रीळ स्कॅन करायला कॉलेजात न्यायचं असेल, तर आधी फिल्मच्या कडेवर इंग्रजीत 'सेफ्टी' असं छापलंय का ते बघा. तसं नसेल आणि रीळ १९५०च्या आसपासचं किंवा त्याआधीचं असेल, तर ते मशीनला लावू नका. शिक्षकांना किंवा जवळच्या अभिलेखागाराला आधी विचारा. आणि नुसता व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर ती बहुधा नंतरची ॲसिटेट फिल्म खराब होऊ लागली आहे. तिला आगीचा तसा धोका नाही, पण स्कॅन लवकर उरकलेलं बरं.

वीज आणि दिवे

इथला साधा प्लग १२० व्होल्टचा. २० अँपिअरच्या सर्किटवर गणित केलं तर २४०० वॉट होतात, पण तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी त्याच्या ८० टक्केच धरायचे, म्हणजे १९२० वॉट. हजार वॉटचे दोन हॅलोजन एकाच सर्किटवर लावले की मर्यादा ओलांडलीच! भिंतीवरचे दोन वेगळे प्लग बऱ्याचदा एकाच सर्किटवर असतात, हेही लक्षात ठेवा. एलईडी दिव्यांमुळे हा त्रास पुष्कळ कमी झालाय, पण हॅलोजन अजूनही काही ठिकाणी भेटतात.

एक्स्टेन्शनच्या शेपटीला दुसरं एक्स्टेन्शन जोडू नका. वायरचं भेंडोळं पूर्ण सोडून मगच वापरा. गुंडाळलेली वायर तापते. चालायच्या वाटेवरची वायर जमिनीला टेपनं चिकटवा. हॅलोजनच्या बल्बला उघडा हात लावू नका. बोटांचं तेल काचेवर राहतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब फुटू शकतो. तापलेल्या दिव्यावर कागद किंवा कापड टाकायचं नाही. आणि स्टुडिओचा फ्लॅश बंद पडला तर इंजिनियरिंगच्या पोरांनी तो उघडून बघायचा मोह टाळावा! त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसलेला असतो.

स्टँड आणि वजन

तज्ज्ञ मंडळी वाळूच्या पिशव्या का वापरतात ते एकदा सॉफ्टबॉक्स लावलेल्या स्टँडकडे बघितलं की कळतं. सगळं वजन वर आणि एका बाजूला. म्हणून स्टँडचे पाय पूर्ण फाकवा, दिवा ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूला एक पाय ठेवा आणि त्याच पायावर वाळूची पिशवी टाका. आडव्या दांड्यावर दिवा असेल तर दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन हवंच. पार्श्वभूमीच्या कागदाचा नऊ फुटी रोल एकट्यानं चढवायचा नाही, दोघं लागतात. "एवढ्यासाठी कुणाला कशाला उठवायचं" हा आपला मराठी भिडस्तपणा इथे उपयोगाचा नाही!

डार्करूम अजून जिवंत आहे

डिजिटलच्या जमान्यातही अनेक कॉलेजांत डार्करूम आहेत आणि मुलं हौसेनं फिल्म धुतात. इथे तीन भांडी महत्त्वाची: डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सर, म्हणजे आपल्या जुन्या फोटोग्राफरांचा 'हायपो'. डेव्हलपरमधल्या मेटॉलनं काहींच्या कातडीला खाज आणि चट्टे येतात, म्हणून हात न बुडवता चिमटा आणि हातमोजे वापरायचे. स्टॉप बाथ म्हणजे ॲसेटिक ॲसिड. तिथे नियम एकच: पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. फिक्सरमधून सल्फर डायऑक्साईड सुटतो, तो दम्याच्या माणसाला त्रास देतो, म्हणून एक्झॉस्ट फॅन आधी चालू, काम नंतर. सांडलेलं पुसायला घरच्यासारखं ब्लीच आणू नका; ॲसिडशी गाठ पडली की त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, म्हणून तो सिंकमध्ये ओतायचा नाही, कॉलेजनं ठेवलेल्या कॅनमध्येच टाकायचा. खाणंपिणं अर्थातच बाहेर. डोळ्यात काही उडालं तर निदान १५ मिनिटं पाण्यानं धुवा. शंका आली तर पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा फुकट नंबर अमेरिकेत कुठूनही, चोवीस तास चालतो. गंभीर असेल तर सरळ ९११.

कॉम्प्युटरसमोर

'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी अहोरात्र सिनेमाचा इतका ध्यास घेतला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली होती. उपचारांनी ती परत आली म्हणून आपल्याला सिनेमा मिळाला! एडिटिंग लॅबमध्ये रात्री जागवणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा. दर २० मिनिटांनी २० फूट लांब, २० सेकंद बघायचं. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवायचा. ८५ डेसिबलला आठ तास ही इथल्या तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा आहे, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते.

आता आमच्या खात्यातली गोष्ट. लॅबचा कॉम्प्युटर सार्वजनिक असतो. उठताना लॉग आऊट करा, कार्ड काढून घ्या. कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. हे केलं नाही तर सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात रडायची वेळ येते.

समोरचा माणूस

सगळ्यात नाजूक भाग हाच. फ्लॅश लागोपाठ उडवण्याआधी विचारा, "तुला फिटचा त्रास नाही ना?" कपडे ठीक करायला हात लावण्याआधी विचारा. फोटो कुठे वापरणार ते सांगा, लेखी संमती घ्या; १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची घ्या. आपल्या मंडळात काकू-मावशी हक्कानं फोटो काढू देतात, पण कॉलेजात तो हक्क गृहीत धरायचा नाही. एकदा नेटवर गेलेला फोटो परत येत नाही. तिथेही 'अनडू' नाहीच!

दोन मिनिटांची यादी

दिवा चालू करण्याआधी एवढंच बघायचं: वायर कुठून गेलीय? स्टँडवर पिशवी आहे का? दरवाजा आणि आग विझवायचा सिलेंडर कुठे आहे? पंखा चालू आहे का? खोलीत आणखी कोणी आहे का? रात्री उशिरा एकट्यानं काम करू नये, आणि करायचंच झालं तर कुणाला तरी सांगून ठेवावं. उपकरण बिघडलेलं दिसलं तर त्याला चिठ्ठी लावून ऑफिसात कळवावं. गुपचूप कपाटात परत ठेवलं, तर पुढचा झटका दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाला बसेल.

आणि हो, हीच यादी आपल्या गणेशोत्सवाच्या आणि नाटकाच्या स्टेजलाही लागू पडते बरं का! तेव्हा यंदा मुलांना फोन कराल तेव्हा "जेवलास का?" च्या पाठोपाठ "स्टँडवर पिशवी टाकलीस का?" हेही विचारा. हसतील पोरं, पण लक्षात ठेवतील.